करारसंहिता, अर्थनिर्णयन आणि अण्वस्त्रांचा धाक

1984 च्या एप्रिलमध्ये कॉर्नेल विद्यापीठातील परिसंवादात झाक देरिदा यांनी अणुयुद्धाविषयी जो निबंध वाचला, तो त्याच वर्षी ‘डायक्रिटिक्स’च्या विशेषांकात प्रसिद्ध झाला आणि ‘अण्वस्त्र-समीक्षा’ नावाचा एक विचारप्रवाह साहित्यसिद्धान्तात सुरू झाला. देरिदांचे प्रतिपादन थोडक्यात असे : सर्वंकष अणुयुद्ध अद्याप घडलेले नाही, त्याविषयी केवळ बोलता-लिहिता येते, म्हणून ते आजवर सर्वस्वी संहितारूपानेच अस्तित्वात आहे. हिरोशिमा व नागासाकी येथील संहाराने एक पारंपरिक युद्ध संपवले, असे म्हणून त्यांनी तो या विवेचनाबाहेर ठेवला. सिद्धान्ताच्या दृष्टीने ही सोय आहे. होरपळून वाचलेल्यांना ती मान्य होणे कठीण.

तरीही अण्वस्त्रांच्या धाकापुरते हे निरीक्षण खरे आहे. धाक ही मुळात एक उक्ती आहे. ती कृतीत उतरली तर फसली असे ठरते, आणि तिचे यश शत्रू ती कशी वाचतो यावर अवलंबून असते. मात्र अण्वस्त्र-समीक्षेचे लक्ष प्रामुख्याने जगबुडीच्या प्रतिमा, कादंबऱ्या, चित्रपट आणि नेत्यांची भाषणे यांवर राहिले. शस्त्रनियंत्रणाच्या करारांकडे, म्हणजे ज्या संहितांच्या वाचनावर प्रत्यक्षात काही अवलंबून होते त्यांच्याकडे, ती फारशी वळली नाही. हे आश्चर्यकारक आहे. कारण तिचा उदय झाल्यानंतर अवघ्या दीड वर्षात वॉशिंग्टनमध्ये अशाच एका संहितेच्या अर्थावरून वाद पेटला होता.

ही संहिता म्हणजे निक्सन आणि ब्रेझ्नेव्ह यांनी 26 मे 1972 रोजी मॉस्को येथे स्वाक्षरी केलेला क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांविषयीचा करार. त्यामागचा तर्क प्रथमदर्शनी विपरीत वाटतो. एकाने ढाल वाढवली की दुसऱ्याला भाले वाढवावे लागतात. म्हणून दोघांनीही आपापला देश उघडा ठेवावा, असे त्यात ठरले. हे उघडेपण हीच धाकाची हमी होती. पाचव्या कलमाने समुद्र, आकाश, अंतराळ किंवा जमिनीवरील फिरत्या तळांवरून चालणाऱ्या अशा यंत्रणा विकसित करणे, त्यांची चाचणी घेणे आणि त्या तैनात करणे, या तिन्ही गोष्टींना मनाई केली. 23 मार्च 1983 रोजी रेगन यांनी क्षेपणास्त्रांपासून संरक्षणाची जी योजना घोषित केली, आणि वृत्तपत्रांनी जिला ‘स्टार वॉर्स’ म्हटले, तिच्या आड हे कलम येत होते.

ऑक्टोबर 1985 मध्ये रॉबर्ट मॅक्फार्लेन यांनी कराराचा एक नवा, ‘व्यापक’ अर्थ जाहीर केला. त्याची मांडणी परराष्ट्र खात्याचे विधी सल्लागार एब्राहम सोफेअर यांची होती. ही मांडणी म्हणजे सूक्ष्म वाचनाचा एक नमुनाच होता. दुसऱ्या कलमातील व्याख्येत ही यंत्रणा ‘सध्या’ प्रतिरोधक क्षेपणास्त्रे, त्यांचे प्रक्षेपक आणि रडार यांची बनलेली आहे असे म्हटले आहे. तेव्हा लेसरसारखी भविष्यातील साधने व्याख्येतच बसत नाहीत, म्हणून त्यांच्या विकासाला व चाचणीला पाचवे कलम लागू नाही. शिवाय ‘अन्य भौतिक तत्त्वां’वर आधारलेल्या यंत्रणा निर्माण झाल्यास चर्चा करावी, असे करारासोबतच्या ‘ड’ या सहमती-निवेदनात सांगितले आहे; त्या आधीच निषिद्ध असत्या तर हे निवेदन व्यर्थ ठरले असते.

हा वैयर्थ्यदोषाचा युक्तिवाद मीमांसेच्या अभ्यासकाला चांगलाच परिचित आहे. पण त्याच शास्त्राने तो टिकत नाही. व्याख्या प्रथम कार्य सांगते (उड्डाणमार्गातील क्षेपणास्त्रांचा प्रतिकार) आणि मग ‘सध्या’ म्हणून घटक मोजते. मोजणी उदाहरणादाखल आहे. ‘ड’ निवेदनही व्यर्थ ठरत नाही. तिसऱ्या कलमाने जमिनीवरील मोजक्या स्थिर तळांना परवानगी दिली होती, आणि त्या वाटेने नवी साधने आत येऊ नयेत यासाठी ते निवेदन होते. तात्पर्यनिर्णयाच्या सहा लिंगांपैकी पहिलेच, उपक्रम, पाहिले तरी पुरे : पहिल्याच कलमात संपूर्ण देशाच्या संरक्षणासाठी अशी यंत्रणा तैनात न करण्याचे बंधन आहे. शिवाय रशियन संहिता इंग्रजीइतकीच प्रमाण होती. इंग्रजीत पाचव्या कलमात ‘विकसित करणे’ आणि ‘ड’मध्ये ‘निर्माण होणे’ असे दोन भिन्न धातू आहेत, तर रशियनमध्ये दोन्हीकडे एकाच धातूची रूपे येतात. एकाच भाषेत वाचणाऱ्याला जिथे फट दिसते, तिथे दुसऱ्या भाषेत ती नसते.

येथवर वाद संहितेच्या आत राहिला. पुढे तो कर्त्यांच्या हेतूकडे गेला, आणि साहित्यसिद्धान्ताच्या दृष्टीने खरा बोधक भाग हाच आहे. वाटाघाटींचे प्रमुख जेरार्ड स्मिथ नव्या अर्थाच्या विरोधात उभे राहिले. त्याच शिष्टमंडळातील पॉल निट्झे त्याच्या बाजूला गेले. विम्सॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी 1946 मध्ये लेखकाच्या हेतूविषयी जी शंका घेतली तिचा पडताळाच येथे आला. हर्शप्रणीत हेतुनिष्ठ अर्थ शोधायचा तर दोन कर्त्यांपैकी कोणाचा, हा प्रश्न उरला. अपौरुषेय वेदवाक्यांचा अर्थ कर्त्याविना ठरवणाऱ्या मीमांसकांना मात्र ही अडचण नवी नव्हती.

मग अर्थाची अनिर्णीतता मान्य करून थांबावे काय? विरचनावादी वाचनाचा ओढा तिकडे असतो, आणि कवितेपुरता तो मुक्तिदायक असेलही. येथे अनिर्णीततेचा लाभ घेणारा वाचक हा वचन देणारा पक्षच होता. सिनेटर सॅम नन यांनी मार्च 1987 मधील भाषणांत नेमके हेच दाखवले. 1972 मध्ये सिनेटने 88 विरुद्ध 2 मतांनी संमती दिली ती तत्कालीन शासनाने सांगितलेल्या अर्थाला. तो अर्थ पुढील शासनाला एकतर्फी बदलता येत नाही. स्टॅन्ली फिश यांचा ‘अर्थनिर्णायक समुदाय’ येथे आठवतो, पण अपुरा पडतो. फिश यांच्या समुदायातील सदस्य परस्परांना केवळ समजतात. करारातील वाचक परस्परांचे देणे लागतात : एकाने त्या अर्थाच्या भरवशावर काहीतरी सोडून दिलेले असते. 1988 मध्ये मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या कराराला संमती देताना सिनेटने हीच अट लिहून घातली.

रेगन शासनाने ‘व्यापक’ अर्थ वैध म्हटला, तरी कार्यक्रम ‘संकुचित’ अर्थाच्या चौकटीतच चालवण्याचे ऑक्टोबर 1985 मध्येच मान्य केले. 1993 मध्ये क्लिंटन शासनाने ‘संकुचित’ अर्थ अधिकृतपणे स्वीकारला. पुढे 13 डिसेंबर 2001 रोजी बुश शासनाने पंधराव्या कलमान्वये सहा महिन्यांची सूचना दिली आणि जून 2002 मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली. या वेळी ‘सध्या’ या शब्दाचा कीस कोणी काढला नाही. करार आपल्याला बांधतो, हे त्या शासनाने गृहीतच धरले होते. म्हणून तर त्याला तो सोडावा लागला.