ययातीची उसनी वर्षे
वि. स. खांडेकरांच्या 'ययाति' (१९५९) कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी सांगतात. ज्याचे तारुण्य बाप मागून घेतो, त्या पुरूला मात्र निवेदन नाही. ही मोठी उणीव आहे. आमच्या सुकापूरजवळच्या माथेरानात जन्मलेल्या गिरीश कार्नाडांनी आपल्या कन्नड 'ययाति' नाटकात (१९६१) पुरूची पत्नी चित्रलेखा सासऱ्यासमोर उभी केली. तिने जाब विचारला.

हजरत नूह (अ.स.) ९५० वर्षे आपल्या कौमेत राहिल्याचे कुरआन सांगते. ती वर्षे लोकांना सन्मार्गाकडे बोलावण्यात गेली. कोणाकडून हिरावलेली नव्हती. दीर्घायुष्य मागणे गुन्हा नव्हे. पण म्हातारपणावर औषध शोधणाऱ्यांनी आधी सांगावे, ही वाढीव वर्षे कोणत्या पुरूच्या वाट्यातून येणार?