अंगातलं विणकाम

तुटलेला तार सांधायला आबांना पापणी लवण्याइतकाच वेळ लागायचा. लूम थांबला की ते वाकायचे, बीमकडचं टोक डाव्या अंगठ्याखाली दाबायचे, दुसरं टोक त्याभोवती फिरवायचे आणि गाठ बसलेली असायची. गाठ इतकी बारीक की फणीतून जाताना अडायची नाही. 'तार' हा शब्द सुरतेचा. अमळनेरकडे आम्ही सूत म्हणायचो, दोरा म्हणायचो. सुरतेतल्या लिंबायतमध्ये येऊन राहिलेल्या खानदेशी घरांत तार, बीम, फणी, टाका हे शब्द अहिराणीत असे मुरले आहेत की ते कुठून आले हे आता कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी पत्र्याच्या धारेनं आबांचं उजव्या हाताचं मधलं बोट कापलं. वरून जखम लहान दिसत होती, पण बोट वाकवणारी आतली दोरी तुटली होती. कागदावर इंग्रजीत 'टेंडन' लिहिलेलं. डॉक्टर गुजरातीत बोलायचे, ड्रेसिंग करणारा भाऊ हिंदीत, आणि शेजारच्या खाटेवर गंजामहून आलेला एक लूम कारागीर होता, तो फोनवर घरी ओडियात सांगायचा. या तिघांच्या बोलण्यात एक शब्द पुन्हा पुन्हा यायचा, जो मला माझाच वाटत होता: स्नायू. मला वाटायचं, सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलतायत. तसं नव्हतं.

कवितेचं रसग्रहण करताना आपण एकेका शब्दापाशी थांबतो, त्याचा नाद ऐकतो, तो कुठून आला ते पाहतो. वैद्यकाच्या परिभाषेपाशी असं कुणी थांबत नाही. परिभाषा म्हणजे परीक्षेपुरती पाठ करायची गोष्ट, अशी आपली समजूत. त्या दवाखान्याच्या बाकावर बसून मला मात्र या शब्दांपाशी थांबावंसं वाटलं, कारण शरीरातल्या तंतूंची जवळजवळ सगळी नावं मला घरची वाटायला लागली. ती विणकराच्या, दोर वळणाऱ्याच्या, शिंप्याच्या घरातून आलेली आहेत.

पहिला शब्द ऊती. मराठी शाळेच्या विज्ञानात 'टिश्यू'ला ऊती म्हणतात. उच्चारायला दोन अक्षरं, पण त्यात अख्खा माग उभा आहे. संस्कृतात विणणे या अर्थाचा 'वे' धातू आहे, त्याचं भूतकाळी रूप 'उत', म्हणजे विणलेलं, आणि त्यापासून विणकाम या अर्थी 'ऊति'. आपण रोज बोलताना 'ओतप्रोत' म्हणतो, तो शब्दही याच मागावरचा: आडवे-उभे धागे एकमेकांत गेलेले. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते की हे सगळं जग कशावर ओतप्रोत विणलेलं आहे, तेव्हा ती विणकराच्या भाषेतच विचारते. दीर्घ 'ऊ'नं सुरू होणारा हा शब्द मला फार देखणा वाटतो. धोटा एका काठावरून सुटून दुसऱ्या काठाला लागावा तसा तो 'ती'वर येऊन थांबतो.

युरोपातही हेच घडलं. 'टिश्यू' हा फ्रेंच 'तिस्यू'वरून आला, अर्थ विणलेलं कापड. मूळ लॅटिन धातू विणण्याचा, त्याच्यापासूनच 'टेक्स्टाइल'. आमच्या रिंग रोडवर टेक्स्टाइल मार्केटच्या ज्या पाट्या दिसतात, त्या पाट्यांवरचा शब्द आणि पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमधला शब्द सख्खे भाऊ आहेत. शरीराच्या बाबतीत हा शब्द रुजवला तो झाविए बिशा या फ्रेंच वैद्यानं, 1800च्या सुमारास. त्यानं शरीराची 21 प्रकारच्या ऊतींत वाटणी केली, आणि तीही सूक्ष्मदर्शकावाचून. त्या भिंगांवर त्याचा विश्वास नव्हता. तो प्रेतं उघडायचा, ऊती भिजवायचा, उकळायचा, ओढून पाहायचा, आणि कोणती कशी वागते ते हातानं ठरवायचा. कापडाचा पोत व्यापारी दोन बोटांत धरून ओळखतो, तसंच हे. 1802मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी तो गेला. पुढे या शास्त्राला 'हिस्टॉलॉजी' नाव पडलं. त्यातल्या ग्रीक 'हिस्टोस'चा अर्थ माग. लिंबायतच्या माणसाला हे शास्त्र परकं वाटायचं काही कारणच नाही.

पण गंमत अशी की ऊती हा शब्द आमच्या घरी शरीरातून आलाच नव्हता, तो केळीतून आला. मामांच्या शेतात ऊतीसंवर्धित रोपं लावली होती. जळगावकडे केळीवाल्यांच्या तोंडी टिश्यू आणि ऊती हे दोन्ही शब्द खत-पाण्याइतके सहज असतात. आबांना मी म्हटलं, बोटात जे तुटलं ती पण एक ऊतीच. त्यांनी विचारलं, केळीवाली? मी हो म्हटलं. एका शब्दानं केळीचा कोंभ आणि माणसाचं बोट जवळ आणलं. एवढं काम चांगल्या परिभाषेनं केलं तर मला पुरे आहे.

आता गोंधळाकडे येतो. मराठीत सेल म्हणजे पेशी आणि टिश्यू म्हणजे ऊती. गुजराती पाठ्यपुस्तकात सेल म्हणजे कोष आणि टिश्यू म्हणजे पेशी. म्हणजे लिंबायतमध्ये एका घरातली दोन भावंडं, एक मराठी माध्यमाचं नि दुसरं गुजराती, 'पेशी' म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी मनात आणतात. आणि सुश्रुत? त्याच्याकडे पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आज आपण ज्याला स्नायू म्हणतो तो. त्यानं अशा 500 मोजल्या.

मग स्नायू कोण? इथे मी सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातला पाचवा अध्याय उघडून बसलो, आणि बराच वेळ त्यातच रमलो. तिथे स्नायू म्हणजे बांधणारा तंतू. संख्या 900: हातापायांत 600, धडात 230, मानेपासून वर 70. हे आकडे आजच्या शरीररचनेशी जुळवायला जाऊ नये. बघायचं ते वर्गीकरणाकडे. स्नायूंचे चार प्रकार: प्रतानवती, वृत्त, पृथु, सुषिर. प्रतान म्हणजे वेलीचा पसरत गेलेला तणावा. हातापायांत आणि सांध्यांभोवती जे तंतू फांद्या फुटून जखडतात, त्यांना 'प्रतानवती' म्हणणाऱ्या माणसानं कारल्याच्या मांडवाकडे नीट पाहिलेलं असणार. वृत्त म्हणजे गोल, दोरीसारखे, त्यांचंच दुसरं नाव कंडरा. पृथु म्हणजे रुंद पट्ट्यासारखे, छाती, पाठ, बरगड्यांवरचे. सुषिर म्हणजे पोकळ, आमाशयाच्या टोकाशी आणि बस्तीत, म्हणजे मूत्राशयात, असणारे. वेल, दोरी, पट्टा, नळी. चार विशेषणांत चार आकार डोळ्यांसमोर उभे राहतात, आणि एकही आकार असा नाही की जो गावात सापडत नाही.

त्याच ठिकाणी नावेची उपमा आहे. फळ्या पुष्कळ बंधांनी घट्ट बांधल्या की नाव पाण्यावर माणसांचा भार पेलते, तसं सांधे स्नायूंनी बांधलेले असतात म्हणून माणूस भार वाहतो, असा तिचा आशय. या उपमेचं मोल कळायला एक गोष्ट ध्यानात हवी: अरबी समुद्रातल्या जुन्या नावांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकत नसत, काथ्याच्या दोरीनं शिवत. फळी हाड झाली आणि दोरी स्नायू. सुश्रुत पुढे बजावतो की हाडाला, पेशीला, शिरेला इजा झाली तर जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त स्नायू दुखावला तर होतं. आबांचं बोट पाहिल्यावर हे मला पटलं. हाड शाबूत, मांस शाबूत, आणि बोट सरळच्या सरळ.

कंडरा 16: पाय, हात, मान आणि पाठ यांत चार-चार. हातापायांच्या कंडरांचे शेवटचे कोंभ म्हणजे नखं, असंही तिथे म्हटलेलं आहे. शास्त्र म्हणून हे टिकत नाही, पण दोरीचं टोक बोटाच्या शेंड्याशी कोंभासारखं फुटतं ही कल्पना मला विसरता येत नाही.

या बांधणाऱ्या शब्दाचं पुढे काय झालं ते पाहा. हिंदीच्या शाळेत स्नायु म्हणजे अजून हाडाला हाड बांधणारा लिगामेंट, सुश्रुताच्या सगळ्यांत जवळ. मराठीत आणि गुजरातीत तो मसल झाला. बंगालीत आणि ओडियात नर्व्ह झाला. शेजारच्या खाटेवरचा गंजामचा कारागीर म्हणत होता की त्याच्या स्नायूला मार लागलाय, तेव्हा तो मुंग्या येण्याबद्दल बोलत होता. त्याला खुळा समजू नये. ग्रीकांचा 'न्यूरॉन' आणि आपला स्नायू एकाच मुळातून निघालेले आहेत, आणि न्यूरॉनचाही आधीचा अर्थ दोरी, प्रत्यंचा असाच होता, नर्व्ह हा अर्थ मागून आला. पांढरी, ताणलेली, दोऱ्यासारखी वस्तू उघड्या जखमेत दिसली की ती ओढणारी की कळवणारी, हे डोळ्यांना सांगता येत नाही.

आपल्या मराठीनं या अदलाबदलीत काहीतरी गमावलं, असं माझं स्पष्ट मत आहे. स्नायूला मसल केल्यावर टेंडनसाठी आपल्याला 'स्नायुरज्जू' जुळवावा लागला. जो मुळात स्वतःच दोर होता, त्याला आणखी एक दोर. 'अस्थिबंध' चांगला आहे, ऐकताच कळतो. पण कंडरा आपण का टाकली? 'ण्ड'वर जीभ टाळूला लागते आणि शब्द मध्येच ताणला जातो. हिंदीनं ती जपून ठेवली आहे. मराठीच्या दवाखान्यात ती परत यावी असं मला मनापासून वाटतं.

कंडरेच्या आत गेलं की पुन्हा माग आणि पीळ. तिचा मुख्य घटक कोलॅजन. त्याची रचना 1954-55मध्ये मद्रासला गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली: तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या, म्हणजे सरळ तिपेडी दोरी. अभ्यासासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतली कंडरा वापरली होती. साखळीतलं दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीन असतं, सगळ्यांत लहान, कारण पिळाच्या आतल्या बाजूला दुसरं काही मावतच नाही. अशा दोऱ्यांचे तंतू, तंतूंच्या जुड्या, जुड्यांभोवती पातळ वेष्टण.

कंडरा तुटून सांधली की नवे तंतू आधी कसेही, गुंत्यासारखे पडतात. ताण पडत गेला की ते हळूहळू ताणाच्या दिशेनं सरळ होतात, आणि याला महिने लागतात. बोटातल्या कंडरेची अडचण निराळीच. ती एका अरुंद म्यानातून सरकते. शिवल्यावर बोट नुसतं बांधून ठेवलं तर नवे तंतू म्यानालाही चिकटतात. म्हणून पट्टीत असतानाच बोट बेतानं हलवावं लागतं. हे सगळं फिजिओथेरपीच्या बाईंनी आबांना गुजरातीत समजावलं. त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

घरी आल्यावर ते पट्टीतलं बोट बराच वेळ पाहत बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तार फणीमा अटकी गया तर लूम चालस का?"

मी म्हटलं, नाही चालत.

मग त्यांनी डाव्या हातानं ते मधलं बोट धरलं आणि फणीतून तार ओवताना सरकवतात तसं, अगदी सावकाश, तळव्याकडे नेलं.