शाळेतले संगीत आणि वाडीतला ढोल

माध्यमिक शाळेत संगीत असावे, याबद्दल कोणाचे दुमत नाही. दुमत व्हायला हवे ते ‘संगीत’ या शब्दाच्या अर्थाबद्दल. आणि नेमके तिथेच आपले शिक्षणतज्ज्ञ सोयीस्करपणे गप्प असतात. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरपासून मंडणगडपर्यंत ‘संगीत येते’ म्हणजे पेटीवर अलंकार येतात. जो मुलगा शिमग्यात रात्रभर ढोल वाजवतो, जाखडीत मृदंगाच्या बोलावर पाऊल न चुकता फेर धरतो, तो म्हणतो, ‘आमाला संगीत नाय येत.’ हे उत्तर त्याला शाळेने शिकवले आहे.

हा अर्थ आकाशातून पडलेला नाही. 1901 साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. 1931 साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे राहिले. तिकडे भातखंड्यांनी घराण्यांच्या चिजा मिळवून, स्वरलिपीत बसवून क्रमिक पुस्तके छापली. विद्या उस्तादाच्या मर्जीतून काढून छापील पुस्तकात आणणे ही लहान गोष्ट नव्हे. तिचे श्रेय नाकारण्याचा करंटेपणा आपण करू नये. पण दार उघडले ते कोणासाठी? शिकणारा पांढरपेशा, शिकवणारा पांढरपेशा, गाण्याला भक्तीचा सोवळा पदर. वाद्याला कातडे चढवणारा तर हिशेबातच नव्हता. टी. एम. कृष्णा यांनी 2020 साली मृदंगम घडवणाऱ्या, प्रामुख्याने दलित ख्रिस्ती असलेल्या कारागिरांवर पुस्तक लिहिले, तेव्हा चेन्नईच्या कलाक्षेत्राने प्रकाशनासाठी दिलेले सभागृह परत घेतले. (आमच्या रत्नागिरीत पतितपावन मंदिर 1931 सालीच सर्वांना खुले झाले. देवळाचे दार उघडले म्हणून मैफलीचे उघडतेच असे नाही.)

दहावीच्या परीक्षेत 2017 च्या सुमारास शासनाने कलांसाठी वाढीव गुण सुरू केले. शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना ते मिळतात, लोककलेलाही मिळतात. कागदावर हा न्याय दिसतो. पण शास्त्रीय परीक्षा द्यायची तर शहरात क्लास हवा, घरी पेटी किंवा तबला हवा, आणि क्लास सुटल्यावर गावाकडे नेणारी एस.टी. हवी. लोककलेसाठी संस्थेचे प्रमाणपत्र हवे. बौद्धवाडीच्या समाजमंदिरात 14 एप्रिलला गाणाऱ्या मुलीला ते कोण देणार?

इथे आपल्यातलेच काही जण म्हणतात, मग शाळेत हलगी आणा, ढोल आणा. याला माझा सरळ होकार नाही. वाजप हे जिथे जातीचे काम म्हणून लादले होते, तिथे 1956 च्या धर्मांतराच्या आगेमागे आपल्या माणसांनी वाद्ये खाली ठेवली. पोटाला चिमटा घेऊन ठेवली, पण मानाने ठेवली. त्यांच्या नातवाला स्नेहसंमेलनात फेटा बांधून ‘लोककला’ म्हणून तेच वाजवायला लावायचे, आणि दुसऱ्याच्या हाती तंबोरा द्यायचा, ही जुनीच वाटणी झाली. लोककलेच्या कौतुकात ती किती सहज लपते, हे आपल्या समीक्षकांनी अजून नीट पाहिलेले नाही. ज्याला ढोल वाजवायचा आहे त्याने तो खुशाल वाजवावा; पण निवड त्याची हवी.

म्हणून मला जलसा महत्त्वाचा वाटतो. सत्यशोधक जलशांचा वारसा घेऊन भीमराव कर्डकांनी 1930 च्या दशकात आंबेडकरी जलसा लोकांपुढे नेला. वामनदादा कर्डकांना (1922–2004) अक्षरओळख मोठेपणी झाली. तरी त्यांनी हजारो गाणी रचली. हे गाणे जातीने वाट्याला दिलेले नाही. जात मोडायला निघालेल्या माणसांनी ते स्वतः घडवले, आणि घडवताना तमाशाचा ठेका, कव्वालीचा बाज, जे हाताशी आले ते बेधडक घेतले. आठवीच्या मुलाला केरवा शिकवायला याहून चांगले साधन कोणते? त्या आठ मात्रा तो पाळण्यापासून ऐकत आला आहे. त्यांना नाव आहे, एवढेच त्याला सांगायचे. तिथून त्याला भूपाकडे, यमनाकडे न्यावे. यमन त्यालाही हवा आहे, आणि तो कोणाच्या बापाची मिळकत नाही.

मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. निदान त्या तालुक्यातल्या शाळांत तरी संगीताच्या तासाला जलसा कानी पडावा. अर्थात त्यासाठी आधी संगीताचा तास व्हायला हवा. वेळापत्रकात तो असतो, पण दहावीचा अभ्यास मागे पडला की गणिताचे मास्तर पहिल्यांदा तोच मागून घेतात.