‘एल्डन रिंग’ : कठोर नियम आणि रम्य प्रदेश

टोकियोच्या ‘फ्रॉमसॉफ्टवेअर’ या संस्थेचा, हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली सिद्ध झालेला ‘एल्डन रिंग’ हा व्हिडिओ गेम २५ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन आठवड्यांतच त्याच्या १ कोटी २० लाख प्रती जगभर गेल्या. खेळ अतिशय अवघड, ही त्याची ख्याती. ज्यात मनुष्य पुनःपुन्हा मरतो असा खेळ लोक इतक्या आवडीने का खेळतात, आणि त्याचे हे अवघडपण न्याय्य आहे काय, या दोन प्रश्नांचा आम्ही येथे विचार करणार आहोत. आमच्या मते दोहोंचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते.

खेळातील भूमी काल्पनिक आहे. सृष्टीचा नियम धारण करणारे कडे भंगले, त्याच्या तुकड्यांसाठी देवकुळातील भावंडांत यादवी झाली, आणि त्या उजाड राज्यात खेळणारा एक हद्दपार योद्धा म्हणून परततो. या पूर्वेतिहासाचा पाया जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी रचून दिला. परंतु तो सांगावयास येथे कोणी पुराणिक बसलेला नाही. तलवारीच्या वर्णनातील दोन ओळी, एखादी भग्न मूर्ती, कोण्या पात्राचे तुटक बोलणे, एवढ्यावरून कथा आपणच जुळवावयाची. लहानपणी आपण पुरती न कळणारी पुस्तके वाचून उरलेला भाग चित्रांच्या आधाराने कल्पनेत भरीत असू, असे मियाझाकी यांनी सांगितले आहे. त्या सवयीचेच हे फळ दिसते.

आता नियमाकडे वळू. येथे मृत्यू आला की शत्रूंकडून मिळविलेले ‘रून’ नावाचे धन पडल्या जागी राहते. तेथवर पोहोचण्याआधी पुन्हा मेलात, तर ते कायमचे गेले. शिक्षा कडक खरी. पण सूचना न देता केलेली नव्हे. प्रत्येक शत्रू घाव घालण्यापूर्वी काही खूण करतोच. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर उभा असलेला मार्गिट सोटा उगारतो आणि तसाच क्षणभर धरून ठेवतो. घाबरून आधीच अंग चुकविणारा नेमका त्या विलंबाने मारला जातो. तिसऱ्या-चौथ्या वेळी आपण त्याच्या खांद्याकडे नीट पाहू लागतो. हे नीट पाहणे शिकविणे, हाच या अवघडपणाचा हेतू होय.

आणि ही शिकलेली नजर प्रदेशाच्या शोभेकडेही वळते. मार्गिटशी लढणे सक्तीचे नाही. किल्ल्याला वळसा घालून कड्याच्या अंगाने जाणारी एक वाट आहे. ती ज्याला दिसली, तो पलीकडच्या विस्तीर्ण तळ्याच्या प्रदेशात उतरतो. धुक्याच्या रानात एक जुनी वास्तू आहे. तिच्यातील दगडी चौथऱ्यावर उभे राहिले की तो खाली उतरू लागतो, उतरतच राहतो, आणि अखेर जमिनीच्या पोटात ताऱ्यांनी भरलेले आकाश उघडते. येथे पोहोचण्याची आज्ञा कोणी केलेली नसते, म्हणूनच तो आनंद स्वतःच्या कमाईचा वाटतो.

तरीही आरोपपत्र कोरे राहत नाही. लढाईत सूचना मिळते. पात्रांच्या कथांत ती पुष्कळदा मिळत नाही. पात्रे न सांगता स्थळ बदलतात. उत्तरार्धात राजधानी राखेखाली गाडली जाते, आणि तेथील काही अपुरी कामे कायमची अपुरी राहतात. अप्रसिद्ध कायद्याखाली दंड करणे आम्हांस कोठेच मान्य नाही. मार्च २०२२ मध्ये भेटलेल्या पात्रांची जागा नकाशावर नोंदविण्याची सोय करण्यात आली, यावरून कर्त्यांसही ही उणीव जाणवली असावी. दुसरे, ज्यांची बोटे आजाराने वा वयाने मंदावली आहेत त्यांच्यासाठी सोपी पायरी ठेवलेली नाही. साहाय्यास आत्मे बोलावता येतात, अनोळखी खेळाडू येऊ शकतात, बळ वाढविता येते. पण क्षणार्धात हालण्याची अट कोणासच पुरती सुटत नाही.

या दोन उणिवा गंभीर आहेत. त्या वगळता आमचा निर्णय कर्त्यांच्या बाजूने आहे. ज्यांस सवड आणि धीर आहे, त्यांनी हा प्रदेश सावकाश, मरत मरत, पाहावा.