बारा बाइटांचा रोहा

‘रोहा’ या शब्दात अक्षरे किती? शाळेत विचारले तर दोन. पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत साध्या अवतरणचिन्हांत घातलेला हाच शब्द मोजला तर उत्तर येते १२. तिसऱ्या आवृत्तीत ४. बारा हे साठवणीतले बाइट, कारण यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. चार म्हणजे र, ओकार, ह आणि काना. दोनवर कोणीच येत नाही. पण नवी आवृत्ती निदान लिपी मोजते, जुनी नुसती जागा मोजत होती.

रोह्याच्या परिसरातील गावांची नामसूची मी जुन्या पायथनमध्ये स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामवर केली. रकाना दहाचा ठेवला. छापून आले ‘नाग’ आणि पुढे एक फुटके चिन्ह. नागोठण्याचे २१ बाइट दहाव्यावर कातरले गेले होते. ही चूक निदान दिसली. दुसरी बरेच दिवस दिसली नाही. दोन्ही आवृत्त्यांत चालावे म्हणून, सगळे करतात तशी, मी फाइलीच्या माथ्यावर एक ओळ घातली. तिच्यामुळे प्रोग्रामात टंकलेली नावे युनिकोड झाली; फाइलीतून वाचलेली मात्र बाइटच राहिली. सूचीत रोहा दोनदा आला, दोन गावे असावीत तसा. नावे रोमन लिपीत असती तर जुन्या पायथनने ती मुकाट्याने एकच मानली असती.

टीकेचा मुद्दा इथे आहे. २००८च्या डिसेंबरात पायथन ३ आले तेव्हा ‘चालते ते मोडता कशाला?’ अशी तक्रार झाली. ती इंग्रजीपुरती खरी होती. मराठीत ते नीट चालत नव्हतेच.

मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांनी, त्यांत बरेच बिनपगारी, पुढे दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी वाहिल्या. ‘सिक्स’ नावाचा जोडसंच निघाला (दोन त्रिक सहा, असा तो विनोद). जुनीचा आधार २०१५ला संपायचा, तो २०२०वर गेला. या सगळ्यात मला मोलाचे वाटते ते एक अक्षर. शब्दाआधी ‘यू’ लावून तो युनिकोड असल्याचे सांगण्याची सोय पायथन ३ने काढून टाकली होती, २०१२मध्ये ३.३ने ती परत आणली. नव्या भाषेत या ‘यू’ला काम नाही, तरी तीच ओळ दोन्हीकडे चालते. माझी माथ्यावरची ओळ लिहिणाऱ्याच्या वतीने अंदाज करते. ‘यू’ त्याला प्रत्येक शब्दापाशी थांबवून विचारतो.

हद्द आखण्याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनुसार केशवसुतपूर्व पद्य आणि चिपळूणकरपूर्व गद्य मुळाबरहुकूम छापायचे, त्यानंतरचे नव्या नियमांनी. हद्द कुठे असावी यावर वाद घालता येतो, पण ती लिहिलेली आहे. जँगो या वेबसाइट बांधणीच्या संचाने तेच केले. १.११ ही जुन्या पायथनवर चालणारी शेवटची आवृत्ती. डिसेंबर २०१७मधली २.० फक्त नव्यावर. १.११ची सुरक्षा-डागडुजी मात्र एप्रिल २०२०पर्यंत चालली.

माझी सूची आता नव्या पायथनवर आहे. जुना प्रोग्राम पुसलेला नाही. त्याच्या छापील प्रती काही घरांत आहेत, आणि त्यांतला ‘नाग’ कुठला हे शोधायला तोच उघडावा लागतो.