आजीच्या खोलीतले भय

भयानक रसाला आपल्या शास्त्रकारांनी रसांच्या पंक्तीत बसविले खरे, पण त्याचा पाट जरा दारापाशीच मांडला. भरताने नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आणि भयानकाविषयी लिहिताना हा रस स्त्रिया व नीच प्रकृतीची माणसे यांच्या ठायी असतो, असा शेरा मारून ठेवला. उत्तम प्रकृतीच्या पुरुषाने भ्यायचे ते फार तर भ्याल्याचे सोंग म्हणून! मराठी समीक्षेनेही ही पंक्तिव्यवस्था फारशी मोडली नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांची पुस्तके वाचनालयांतून शिवण उसवेपर्यंत फिरली. समीक्षेच्या पानांवर त्यांना जागा मिळाली ती बेताचीच. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी आपल्या कथांना ‘गूढकथा’ म्हणून वेगळी ओळख मिळवून दिली. तरी त्यांना मान मिळाला तो बराचसा नाटककार म्हणून. भयकथा आवडते असे चारचौघांत सांगताना आजही वाचक किंचित ओशाळतो. मला ती आवडते. कोणती आवडते आणि कोणती आवडत नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे. आणि सांगता सांगता त्या आवडीनिवडीमागचा निकष हाती लागतो का, तेही पाहावयाचे आहे.

पेण आणि रोहा या टापूतल्या माणसाला भुतांची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते. भुतांच्या गोष्टींनी मात्र तिच्या कितीतरी आधी तिकीट काढलेले. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती मागविली. १९०९ साली नाशिकला जॅक्सनचा वध झाला, आणि पुढे एन्थोव्हेन याने ती टिपणे संपादून कोकणचा खंड १९१५ साली प्रसिद्ध केला. त्या मास्तरांत कुलाबा जिल्ह्यातलेही मास्तर होते. दिवसा मुलांकडून उजळणी म्हणून घेणाऱ्या या मंडळींनी रात्रीच्या रहिवाशांचीही शिस्तीत हजेरी घेतली आहे: वेताळ, झोटिंग, खवीस, मुंजा, गिऱ्हा, हडळ, जखीण, अलवंतीण.

ही यादी वरवर करमणुकीची वाटते. पण एकेका नावाशी क्षणभर थांबावे. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. अलवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडालेला माणूस. अकाली गेलेली मुले, दवाखान्यावाचून दगावलेल्या बाळंतिणी, पावसाळ्यात नदीखाडीने नेलेली माणसे यांची ही नोंदवहीच नव्हे काय? ज्यांचे जगणे अर्ध्यावर राहिले त्यांचीच भुते झाली. गावाने ज्यांच्यासाठी काही केले नाही त्यांना गाव रात्री भिऊ लागला. चांगल्या भयकथेचे बीज मला येथे दिसते. भुताला काहीतरी म्हणावयाचे असते, आणि ते ऐकण्याची आपली तयारी नसते म्हणून ते भूत असते.

या गोष्टी आपल्यापर्यंत आणल्या त्या बहुधा आजीने. गंमत अशी की अलीकडच्या भयकृतींत भिववणारी व्यक्तीही पुष्कळदा आजीच असते. कथा, चित्रपट आणि मोबाइलवरचा खेळ अशा तिन्ही ठिकाणी एकेक आजी बसलेली आहे. त्या तिघींची तुलना करून पाहण्यासारखी आहे.

पहिली आजी अमेरिकेतून आली. स्टीफन किंग याची ‘ग्रॅमा’ ही कथा १९८४ सालची. धाकट्या मुलाला घरी ठेवून आई इस्पितळात धावते, कारण थोरल्याचा पाय मोडला आहे. घरात उरतात तो अकरा वर्षांचा मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली आजी. आजी जागी झाली तर तिला चहा करून द्यावयाचा, एवढेच काम. पण त्या कामापायी मुलाच्या पोटात गोळा येतो. आजी चेटके करीत असे, ही गोष्ट पुढे उलगडते. वाचक मात्र त्याआधीच घाबरलेला असतो. अंथरुणावरचे म्हातारपण, त्याचा वास, त्याच्या हाका आणि त्यापासून दूर पळण्याची मुलाची लाजिरवाणी इच्छा, हे भय चेटकाहून जुने आहे. धारपांनी हे बीज आपल्या ‘आजी’ या कथेतून मराठीत आणले. परक्या बीजाला आपली माती देण्याची त्यांची हातोटी मोठी होती. वाचकाला कलम दिसत नाही, झाड दिसते. उसनवारीचा ठपका ठेवून धारपांना बाजूला सारणाऱ्यांनी या हातोटीचा विचार करावा. आपल्या रंगभूमीने शेक्सपिअर आणि मोलिएर यांच्याकडून घेतले तेव्हा त्याला आपण रूपांतर म्हटले, आणि त्याचे कौतुकच केले.

दुसरी आजी ‘तुंबाड’ या २०१८ सालच्या चित्रपटातली. चित्रपट हिंदी, पण दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे मराठी लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण करून देणारे, आणि त्यातली आजी धारपांच्या कथेच्या नात्यातली. काळ १९१८चा. येथेही धाकटा भाऊ जखमी होतो, आई त्याला घेऊन जाते आणि विनायक हा मुलगा साखळीने जखडलेल्या म्हातारीजवळ एकटा राहतो. येथे चहाऐवजी तिला जेवू घालावयाचे आहे. आपल्या घरांतून मुलांना बागुलबुवाचे नाव सांगून झोपविण्याची रीत आहे. या चित्रपटात मुलगा म्हातारीला हस्तराचे नाव सांगून झोपवितो. एवढ्या एका उलटापालटीने अंगावर काटा येतो.

पण ‘तुंबाड’ मला आवडतो तो पुढच्या भागासाठी. पंधरा वर्षांनी विनायक परत येतो. म्हातारीच्या देहातून झाड उगवले आहे, आणि ती अजून मेलेली नाही. सोन्याच्या लोभाने ती कधी काळी त्या देवाजवळ गेली. तिला सोने नको तेवढे दिवस पुरले, आणि मरण मात्र मिळेना. तिला मुक्ती हवी, त्याला सोन्याची वाट हवी. दोघांचा सौदा ठरतो. त्या क्षणी आपल्या लक्षात येते की ही म्हातारी विनायकाचेच भविष्य आहे. तिच्याविषयीचे भय ओसरते आणि विनायकाविषयीचे भय सुरू होते. देव उपाशी आहे, माणूस मात्र पोटभर जेवूनही उपाशी. ज्या भयकथेत भय असे जागा बदलते आणि शेवटी आपल्याच उंबऱ्यावर येऊन बसते, ती मी पुन्हा पाहतो.

तिसऱ्या आजीची ओळख आपल्याला घरातली मुले करून देतील. ‘ग्रॅनी’ नावाचा मोबाइलवरचा खेळ २०१७ साली आला. एका घरात आपण कोंडलेले आहोत. पाच दिवसांत सुटका करून घ्यावयाची. घरात एक म्हातारी हातात सोटा घेऊन फिरते. जमिनीवर काही पडले, फळी करकरली की ती आवाजाच्या रोखाने येते. दुपारी आजी लवंडलेली असताना स्वयंपाकघरात भांडे न वाजविता डब्यातली करंजी लांबविण्याचा अनुभव ज्याला आहे, त्याला या खेळाचे नियम समजावून सांगावे लागणार नाहीत!

खेळ म्हणून ‘ग्रॅनी’ची रचना चोख आहे. कथेत आपण पान उलटतो आणि चित्रपटात नुसते बसून राहतो; खेळात दार आपल्यालाच उघडावे लागते. मागे काय आहे हे ठाऊक नसताना आपल्याच बोटाने दार उघडणे हा अनुभव दुसरी कोणतीही कला देत नाही. पण या म्हातारीला काही म्हणावयाचे आहे काय? ती का कोंडते, कोणावर रागावली आहे, याची चौकशी करण्याची उसंत खेळ आपल्याला देत नाही. खेळणाऱ्याला एकच गोष्ट शिकावी लागते: म्हातारी दिसली की पळावे. पाच दिवस संपले, आजी उरली नाही. धारपांच्या आणि ‘तुंबाड’च्या आजीजवळ मी थांबतो, आणि या आजीला तिच्या रिकाम्या घरात सोडून येतो, त्याचे कारण हे.

सगळेच खेळ असे असतात असे नव्हे. ‘सायलेंट हिल’ हा १९९९चा जपानी खेळ पाहा. त्या काळच्या यंत्राची ताकद तोकडी. दूरचे रस्ते आणि घरे दाखविणे त्याला पेलवेना. म्हणून कर्त्यांनी सगळ्या गावावर धुके पसरले. अडचणीतून आलेले ते धुके त्या खेळाचा प्राण ठरले. श्रावणातल्या संध्याकाळी नागोठण्याच्या बाजूने रोह्याकडे येताना पावसाने पुढचे डोंगर पुसून टाकलेले ज्याने पाहिले आहेत, त्याला हे लगेच पटेल. नाहीसा झालेला डोंगर दिसणाऱ्या डोंगरापेक्षा जवळ वाटतो.

किती दाखवावे याचा धडा घ्यावयाचा तर पेणच्या गणपतीच्या कारखान्यासारखी दुसरी शाळा नाही. रंग चढलेल्या पण डोळे न काढलेल्या मूर्तींची रांग पाहणाऱ्याला क्षणभर कसेसेच होते. मग आखणी करणारा कसबी कारागीर येतो. श्वास रोखून बारीक कुंचल्याने दोन रेघा ओढतो, आणि माती आपल्याकडे पाहू लागते. मूर्ती पाहते म्हणून आपण हात जोडतो, आणि हीच नजर एखाद्या अंधाऱ्या माडीवर आली तर आपण पळत सुटू. देवाच्या आणि भुताच्या नजरेत अंतर आहे ते एका रेघेचे. भयकथाकाराचे सारे कसब त्या रेघेत असते. ती जाड झाली की नजरेचा मुखवटा होतो. रक्ताच्या बादल्या ओतणारे, क्षणाक्षणाला कानठळ्या बसविणारे चित्रपट माझ्या यादीत नाहीत, ते या जाड रेघेमुळे. दचकणे हे कानाचे काम. भिण्याला मन लागते.

आता मुख्य प्रश्न. भयकथा घरात आणावी काय? मुलांनी भ्यावे काय? काही घरांतून हे वाचन निषिद्ध असते, आणि त्यामागची काळजी खोटी नाही. भुताची गोष्ट पुस्तकातच राहिली तर ती करमणूक. ती गावात उतरली की एखाद्या एकट्या म्हातारीच्या दाराशी येऊन थांबते. कोणाचे मूल आजारले, कोणाची गाय आटली की बोट तिच्याकडे वळते. भुताळी, चेटकीण हे शब्द कथेत रोमांचक वाटतात. ज्या बाईला ते चिकटविले जातात तिच्या अंगावर दगड पडतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या व्यक्तीवर करणी वा चेटूक केल्याचा आळ घेऊन तिचे जगणे असह्य करणे, भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, हे आता गुन्हे आहेत. भयकथेचा रसिक या कायद्याच्या बाजूचा असलाच पाहिजे. भुतावर विश्वास नसणारालाच भुताची गोष्ट निर्भेळपणे भोगता येते. ज्याचा विश्वास आहे त्याच्यासाठी ती गोष्ट नसते, बातमी असते.

म्हणून माझा निकष साधा आहे. दिवा लावल्यावर काय उरते ते पाहावे. जी कृती वाचल्यावर आपण म्हातारीच्या खोलीकडे जास्त संशयाने पाहू लागतो, ती कितीही चटकदार असो, मला नको. जी संपल्यावर त्या खोलीत डोकावून यावेसे वाटते, ती हवी. २०२४च्या ‘मुंज्या’ या चित्रपटात विनोदाचा भर जरा जास्तच आहे. पण त्यातली, सुहास जोशींनी रंगविलेली आजी मला मोलाची वाटते. मुंज्या तिचा भाऊ. लहानपणी त्याने तिचाच बळी द्यावयाचे योजले होते. म्हातारी भूत नाही, भुताची साक्षीदार आहे. आणि मुलांसाठी तर मतकरींनी फार पूर्वीच सोय करून ठेवली आहे. ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी रंगविली, २०१८पासून वैभव मांगले यांनी. मुले किंचाळतात आणि पुढच्याच क्षणी हसतात. लुगडे नेसलेला नट पाहूनही आपण भ्यालो, हे त्यांना कळलेले असते. भीती कशी बनते हे ज्याने एकदा पाहिले, त्याला पुढे कोणी भगत सहज फसवू शकत नाही.

रोह्याजवळ धाटावला कारखाने आले, रात्रभर दिवे जळू लागले, पिंपळाखालचा अंधार उरला नाही. भुतांना आता जागा नाही असे म्हणतात. पण आपल्या घरांतून अंधार सरकून कुठे गेला असेल तर तो बहुधा मागच्या खोलीत गेला आहे. जिथे एक वृद्ध माणूस दिवसभर हाक मारण्याचे टाळत पडून असते. चांगली भयकथा त्या खोलीची आठवण ठेवते. दिवाळीची मुख्य रात्र अमावस्येची असते आणि आपण पणत्या लावतो त्या अंगणात. या खेपेला एक पणती त्या खोलीतही न्यावी, आणि मुलांना जवळ बसवून आजीलाच भुताची एक गोष्ट सांगावयास लावावी. ती अजूनही आपल्यापैकी कोणाहीपेक्षा चांगली सांगते.