पाटोडीचा रस्सा आणि आमची अभिरुची

अन्नाविषयी लिहिणे हे साहित्यात दुय्यम काम आहे, अशी समजूत आमच्या पिढीत होती. पु. ल. देशपांडे यांच्या 'हसवणूक' या संग्रहातील 'माझे खाद्यजीवन' हा लेख आम्ही आवडीने वाचला, तो विनोदी लेख म्हणून. पदार्थाची समीक्षा कवितेइतक्या गांभीर्याने करता येते, हे ध्यानात यावयास मात्र पांढुर्ण्यातील एक खाणावळ कारणीभूत ठरली.

प्रसंग साधा आहे. काही जुनी मराठी कागदपत्रे पाहण्यासाठी आम्ही व एक निवृत्त गुरुजी सौसरहून पांढुर्ण्यास गेलो होतो. मंडळाच्या तिजोरीची अवस्था सभासदांस ठाऊक आहेच. दोघांच्या भोजनावर 300 रुपयांहून अधिक खर्च करावयाचा नाही, असे आम्हीच ठरवले होते. महामार्गावरील एका हॉटेलचे दरपत्रक वाचून आम्ही पाणी पिऊन बाहेर पडलो. गुरुजी म्हणाले, "साहेब, सावजीकडे जाऊ या." आम्ही थबकलो. शासकीय सेवेत जन्मभर दौरे केले, विश्रामगृहांत जेवलो, परिचितांकडे पानावर बसलो. पण सावजी खाणावळीची पायरी कधी चढलो नव्हतो. जाळणारे तिखट, वर तरंगणारे तेल आणि पिऊन येणारी मंडळी, एवढेच त्या जागेचे चित्र आमच्या घरांत होते. ते सर्वस्वी ऐकीव होते, हे येथे कबूल करणे भाग आहे.

ताटात पाटोडीचा रस्सा, ज्वारीची भाकर, चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि भात. पुण्याकडे जिला पाटवडी म्हणतात, तीच ही पाटोडी. बेसन शिजवून थापलेली वडी ती. तिच्यात महाग असे काहीच नाही. सारी करामत रश्शाची. कांदा आणि सुके खोबरे काळपट होईतो भाजलेले, खसखस व दगडफुलासह मसाला बारीक वाटलेला, आणि वर लाल तर्री. पहिल्या घासाला तिखट लागले, दुसऱ्याला भाजल्या खोबऱ्याची खोली कळली, आणि तिसऱ्याला वडीने शोषलेला रस जिभेवर सुटला. दोष सांगायचे तर भात मऊ झाला होता आणि मीठ किंचित पुढे होते. पण रचना निर्दोष होती. तिखटाला भाकरीचा सौम्यपणा, तेलाला लिंबाचा आंबटपणा. एकही घटक भरतीचा नव्हता. किती कवितासंग्रहांविषयी असे म्हणता येईल?

वाढणाऱ्या बाईंनी विचारले, "भाकर टाकू का अजून, काकाजी? रस्सा हाये." दोघांचे मिळून 220 रुपये झाले.

ही पाकक्रिया हलबा कोष्टी या विणकर समाजाची. 1877 मध्ये नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे गिरणीच्या कापडापुढे हातमाग मागे पडत गेला. मागाचा आधार सुटला तशी अनेक कुटुंबांनी घरच्या चुलीवर खाणावळ घातली. आमच्या सौसर-लोधीखेडा भागालाही हातमागाची जुनी परंपरा आहे. तेव्हा ही चव आम्हांला परकी नव्हती, आम्हीच तिला परके ठरवले होते. विणकर सुताचा ताणाबाणा पाहतो, तसा येथे मसाल्याचा पाहिला जातो. साहित्य स्वस्त आणि श्रम भरपूर, हे या कलेचे सूत्र आहे.

स्वस्त अन्नाचे सरकारी प्रयोग आम्ही जवळून पाहिले आहेत. महाराष्ट्रात 1995 मध्ये 1 रुपयात झुणका-भाकर आली, मध्य प्रदेशात 2017 मध्ये दीनदयाल रसोई योजनेत 5 रुपयांत थाळी आली, आणि 2020 मध्ये महाराष्ट्राने 10 रुपयांत शिवभोजन सुरू केले. भुकेल्याला घास देणे हा शासनाचा धर्मच आहे, त्यात कमीपणा नाही. परंतु तेथील स्वस्ताई अनुदानातून येते. खाणावळीतली हातातून येते. पहिलीचा हिशेब फायलीत मांडता येतो, दुसरीसाठी जीभच लागते.

आता आमच्या वाङ्मयाकडे वळू. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने 1970 मध्ये वाटी-चमच्याचे माप देऊन घरोघरच्या नवशिक्यांना धीर दिला. ते काम मोठेच. पण माप म्हणजे पदार्थामागचे जगणे नव्हे. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या 2015 च्या पुस्तकाने मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यजीवनाची नोंद केली आणि शीर्षकापासूनच आम्हां सुस्थितांच्या अन्नविचारातील उणीव दाखवली. ललित लेखनात मात्र गरिबाचे ताट बहुधा दोनच कारणांसाठी येते: कणव वाटावी म्हणून किंवा हसू यावे म्हणून. त्या ताटातील कौशल्याची दखल अभावानेच घेतली जाते. हा दोष लेखकांइतकाच आम्हां वाचकांचा आहे. जेथे आम्ही पायरी चढलो नाही, तेथे आमची अभिरुचीही पोहोचली नाही.

आमची घराणी भोसल्यांच्या अमदानीपासून या मुलखात असल्याचे आम्ही अभिमानाने सांगतो. 1956 मध्ये प्रांतरचना बदलली आणि आम्ही सीमेच्या अलीकडे राहिलो. 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला व सौसर त्यात आले. मराठी टिकावी म्हणून आम्ही सभा भरवतो, ठराव करतो. आमच्या नातवंडांची उत्तरे मात्र हिंदीत येतात. त्या दुपारी खाणावळीत भाकर मागणारे हमाल, चालक, संत्र्यांच्या बागेतले मजूर मराठीतच बोलत होते, आणि त्यांना त्याचे कोणतेच अप्रूप नव्हते. ज्या भाषेची आम्ही राखण करतो असे समजतो, ती आमच्याविना तेथे व्यवस्थित जेवत होती.

उरलेले 80 रुपये मंडळाच्या खात्यात जमा केले आहेत. पुढील बैठक त्या खाणावळीतच घ्यावी, असा प्रस्ताव आम्ही मांडणार आहोत. गुरुजींचे अनुमोदन आहेच.